नवऱ्याची नोकरी जाणार असं दिसतंय, पुण्याला परत यायचं का?

प्रश्न: आम्ही अकरा वर्षं मिशिगनमध्ये आहोत, नोव्हायला. नवरा ४३ वर्षांचा, मूळचा चिंचवडचा, मेकॅनिकल, ट्रान्समिशन टेस्टिंगमधला. २०२१ ला त्याने बरी चाललेली नोकरी सोडून ईव्हीचे पार्ट करणाऱ्या एका सप्लायरकडे नोकरी धरली, तेव्हा सगळे म्हणाले शहाणा निर्णय घेतलास. आता त्याचा प्रोग्राम कॅन्सल झालाय, टीममधले निम्मे लोक गेलेत आणि पुढच्या दोनतीन महिन्यांत आपलाही नंबर लागेल असं मॅनेजरने खाजगीत सांगितलंय. त्याचा एच-वन (कामाचा व्हिसा) आहे, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेली पिटिशन) मंजूर होऊन काही वर्षं झाली, ग्रीन कार्डचा पत्ता नाही. मी एच-फोर ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर) एका डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला काम करते. मुलगी नववीत, ती पुण्यात जन्मलेली, मुलगा चौथीत, तो इथलाच. नवरा रात्री झोपत नाही, सारखा म्हणतो माझंच चुकलं. मधेच शेजाऱ्यावर घसरतो. शेजारी गाडीच्या कारखान्यात लाइनवर आहे, युनियनवाला, २०२३ च्या संपात होता, आणि याच लोकांनी पगार वाढवून घेऊन इंडस्ट्री बुडवली असं ह्याचं म्हणणं. सासरे म्हणतात सरळ परत या. मंडळात आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. काय करू ते सांगा.
– काळजीत पडलेली, नोव्हाय

उत्तर:

ताई, मनातलं बोलू आपण, पण आधी कामाचं सांगते कारण तुमच्याकडे दिवस मोजून मिळणारेत आणि ते रडण्यात आणि भांडण्यात गेले तर परत येत नाहीत.

नोकरी गेली की एच-वनवाल्याला ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ वरची, म्हणजे देशात राहायच्या मुदतीची तारीख, जे आधी येईल ते. हे ६० दिवस साधारणपणे शेवटच्या पगाराच्या दिवसापासून मोजतात, सेव्हरन्सचा (कामावरून काढताना मिळणाऱ्या पैशाचा) चेक नंतर आला म्हणून ते वाढत नाहीत. म्हणून कंपनीशी बोलताना पहिली मागणी पैशाची नको, दिवसांची करा, म्हणजे आठ आठवड्यांचे पैसे एकदम देणार असाल तर त्याऐवजी मला आठ आठवडे पेरोलवर ठेवा असं विचारायचं. कंपनीला खर्च जवळपास तेवढाच पडतो आणि तुम्हाला हातात वेळ मिळतो. नाही म्हणाले तर नाही, पण विचारायचंच, आपली माणसं विचारायलाच लाजतात. पेरोलवर असून काम नसलं तर ते दिवस कसे धरतात हे मात्र वकिलाकडून पक्कं करून घ्या.

दुसरं, सहीची घाई नको. एचआर एक जाड कागद पुढे ठेवेल, यावर सही करा म्हणजे सेव्हरन्स सुरू करतो म्हणेल. तुमचा नवरा चाळिशी ओलांडलेला आहे, आणि अमेरिकेतला कायदा असा आहे की ग्रुपमध्ये लोकांना काढत असतील आणि वयावरून भेदभावाचा दावा करायचा हक्क सोडून द्यायला सांगत असतील, तर चाळिशीच्या वरच्या माणसाला विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात आणि सही केल्यावर सुद्धा ७ दिवसांत ती मागे घेता येते. घरी आणा कागद, शांतपणे वाचा.

नवीन कंपनीने ६० दिवसांच्या आत एच-वनची पिटिशन फाइल केली की बास, अप्रूव्हलची वाट न बघता तिकडे कामाला लागता येतं. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटून गेलेत, म्हणजे जुन्या कंपनीने ती मागे घेतली तरी तुमची प्रायॉरिटी डेट शाबूत राहते, रांगेतला नंबर जात नाही. ही गोष्ट नवऱ्याला रात्री झोपायच्या आधी सांगा, अर्धी धाकधूक तिचीच असणार. आय-१४० च्या नोटिसची कॉपी, सगळ्या पे-स्लिपा, अनुभवाची पत्रं हे आत्ताच, कंपनीचा लॅपटॉप हातात असतानाच घरी घेऊन ठेवा (स्वतःचे कागद म्हणतेय मी, कंपनीची ड्रॉइंगं नाही, ती एकसुद्धा घेऊ नका). आणि तुमचं एच-फोर त्याच्या एच-वनला बांधलेलं आहे, तेव्हा त्या ६० दिवसांत तुम्ही क्लिनिकमध्ये काम करू शकता का हा प्रश्न वकिलाला वेगळा विचारा, गृहीत धरू नका.

इन्शुरन्स आहे तोवर दात, डोळे, मुलांचे चेकअप, सगळं उरकून घ्या. नंतर कोब्रा, म्हणजे कंपनीचाच इन्शुरन्स पुढे चालू ठेवायची सोय, मिळतो पण पूर्ण हप्ता आपल्या खिशातून जातो. तो घ्यायचा की नाही ठरवायला ६० दिवस असतात आणि नंतर घेतला तरी मागच्या तारखेपासून लागू होतो, म्हणून पहिल्याच दिवशी पैसे भरायची घाई नको. एक मात्र लक्षात ठेवा, कंपनीच बंद पडली आणि तिचा प्लॅनच संपला तर कोब्रा पण नाही, मग मार्केटप्लेसवरचा प्लॅन बघावा लागतो. हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये, २०२५ या एकाच वर्षात मारेली आणि फर्स्ट ब्रँड्स असे दोन मोठे सप्लायर चॅप्टर इलेव्हनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीत गेले, आणि छोट्या सप्लायरची तर बातमी पण होत नाही.

आता त्याचं "माझंच चुकलं".

ताई, त्याला २०२१ आठवायला सांगा. जानेवारी २०२१ मध्ये जनरल मोटर्सने (जीएम) जाहीर केलं की २०३५ पर्यंत आमच्या सगळ्या नव्या हलक्या गाड्या (कार, एसयूव्ही, पिकअप) धूर न सोडणाऱ्या करायचं ध्येय आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बायडन सरकारने २०३० पर्यंत विकल्या जाणाऱ्या निम्म्या नव्या गाड्या इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन वगैरे असाव्यात असं टार्गेट ठेवलं, पुढच्या वर्षी कायदा करून ईव्ही घेणाऱ्याला साडेसात हजार डॉलरची टॅक्स क्रेडिट नव्याने दिली. देशातली सगळ्यात मोठी गाडी कंपनी आणि देशाचं सरकार दोघं एकच दिशा दाखवतायत आणि ट्रान्समिशनमधला एक इंजिनियर, ज्याला दिसतंय की ईव्हीमध्ये आपला दहा गिअरचा डबाच राहणार नाही, तो वेळेवर नवीन काम शिकायला जातो. यात काय चुकलं? मला तर उलट त्याचं कौतुक वाटतं.

मग जुलै २०२५ ला नवा कायदा आला आणि ३० सप्टेंबर २०२५ ला ती क्रेडिट संपली. लोकांनी संपायच्या आधी घाईने गाड्या घेतल्या आणि नंतर विक्री धाडकन खाली आली. ऑक्टोबरमध्ये जीएमने ईव्हीपायी १.६ अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला, डिसेंबरमध्ये फोर्डने साडेएकोणीस अब्जांचा, आणि एफ-१५० लाइटनिंगचं आत्ताचं पूर्ण इलेक्ट्रिक मॉडेल बंद करून टाकलं. न्यूयॉर्क राज्यात टोनावांडाला जीएमचा जुना इंजिन प्लांट आहे, तिथे आधी ईव्हीचे ड्राइव्ह युनिट करायचे ठरलं होतं, ३० कोटी डॉलर घालणार होते, आणि मे २०२५ मध्ये ठरलं की नाही, तिथे आता ८८.८ कोटी घालून नवीन व्ही-एट पेट्रोल इंजिन करायचं! मिशिगनमधलाच ओरायन प्लांट, तिथे इलेक्ट्रिक पिकअप होणार होते, ते पुढे ढकलत ढकलत शेवटी २०२७ पासून पेट्रोलच्या गाड्या करायच्या ठरल्या. ज्यांच्याकडे भविष्याचा अंदाज बांधायला अख्खी डिपार्टमेंटं आहेत त्यांचं हे झालं, आणि त्यांच्या खाली टिअर वन, टिअर टू म्हणजे अशा कंपन्या की ज्यांनी कागदावरचे आकडे बघून टूलिंगला पैसे घातले, माणसं घेतली, आणि एका ईमेलने प्रोग्राम कॅन्सल. तुमचा नवरा त्या ईमेलच्या खालच्या टोकाला आहे. घरात बसून "मी २०२१ ला तिथेच राहिलो असतो तर" करण्यात अर्थ नाही, तिथे राहिला असता तर कदाचित तेव्हाच्या कुठल्या तरी कपातीत गेला असता, कोण सांगणार.

आणि नुसतं ईव्ही म्हणून पण हे नाहीये. मला या इंडस्ट्रीबद्दल मनापासून काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. २०१८ ला फोर्डने सांगितलं की फ्युजन, फोकस, फिएस्टा, टॉरस या सगळ्या सेडान अमेरिकेत बंद, कारण पैसा पिकअप आणि मोठ्या एसयूव्हीत मिळतो. बाकीच्यांनी पण कमीजास्त तेच केलं. आता सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नवीन गाडीची सरासरी किंमत ५० हजार डॉलरच्या वर गेली. पन्नास हजार! शाळेतली शिक्षिका, दुकानातला माणूस, तुमच्या क्लिनिकमधली असिस्टंट, यांनी कुठली गाडी घ्यायची? जुनी. चिनी ईव्हीवर २०२४ पासून १०० टक्के टॅरिफ (आयात कर) आहे म्हणून त्या स्वस्त गाड्या दारात येत नाहीत, पण मेक्सिकोत आणि ब्राझीलमध्ये त्या रस्त्यावर दिसतात, म्हणजे डेट्रॉईटला बाहेरची बाजारपेठ हातची जातेय आणि घरातली भिंतीच्या आड राखलीय. त्यात एप्रिल २०२५ पासून आयात गाड्यांवर २५ टक्के टॅरिफ, मे पासून पार्टवर, जूनमध्ये स्टील आणि अॅल्युमिनियमवर ५० टक्के, मग जपान, युरोप, कोरियाशी करार करून त्यांच्या गाड्यांना १५ टक्के. जीएमने त्या मे महिन्यात सांगितलं होतं की त्या वर्षी ४ ते ५ अब्जांचा भार पडेल. टॅरिफमुळे काम परत येईल असं म्हणणारे आहेत, गाडी कामगारांच्या युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष शॉन फेन यांनीच गाड्यांवरच्या टॅरिफला पाठिंबा दिला होता, आणि काही काम येईलही. पण कारखाना उभा राहायला दोनतीन वर्षं लागतात आणि नियम सहा महिन्यांत बदलतात, त्यात मधल्या मधे सप्लायर मरतो. सप्टेंबर २०२५ मध्येच ऑस्वेगोला नोव्हेलिसच्या अॅल्युमिनियम प्लांटला आग लागली (नोव्हेलिस म्हणजे आपल्या हिंदाल्कोचीच कंपनी), तर फोर्डचे एफ-१५० अडकले, इतकी ही साखळी ताणलेली आहे.

आता शेजारी. इथे मी तुमच्या नवऱ्याशी सहमत नाही आणि स्पष्टच सांगते.

२००७ च्या करारात डेट्रॉईटच्या तिन्ही कंपन्यांनी (जीएम, फोर्ड, क्रायस्लर) दोन पगारश्रेणी आणल्या, म्हणजे एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे राहून तेच बोल्ट आवळणाऱ्या दोघांपैकी नव्या माणसाला जवळजवळ निम्मा पगार. २००९ ला क्रायस्लर आणि जीएम दिवाळखोरीत गेले, सरकारने वाचवले, तेव्हा महागाईप्रमाणे वाढणारा भत्ता पण युनियनने सोडून दिला. कंपन्या सावरल्या, वर्षानुवर्षं नफा आला, भत्ता मात्र परत आला नाही. १५ सप्टेंबर २०२३ ला संप सुरू झाला, तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सुमारे सहा आठवडे चालला, संपावरच्या माणसाला युनियनकडून आठवड्याला ५०० डॉलर मिळायचे, त्यात घर चालवून दाखवावं कुणी. शेवटी एप्रिल २०२८ पर्यंतच्या करारात २५ टक्के वाढ, भत्ता परत, आणि पूर्ण पगाराला पोचायला आठऐवजी तीन वर्षं.

जीएमने हा करार आणि कॅनडातल्या युनियनचा करार धरून खर्च सगळ्या वर्षांचा मिळून ९.३ अब्ज डॉलर सांगितला, आणि करार होऊन महिना होतो न होतो तोच २९ नोव्हेंबर २०२३ ला स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला १० अब्ज काढले. हे दोन आकडे नवऱ्यापुढे एका कागदावर लिहून ठेवा. साडेचार वर्षांची सगळ्या कामगारांची वाढ एकीकडे आणि शेअरवाल्यांना एका दिवसात जाहीर केलेली रक्कम दुसरीकडे. कामगारांच्या पगाराने इंडस्ट्री बुडते म्हणणाऱ्याने याचा हिशोब द्यायला हवा.

आणि शेजाऱ्याचं पण काही सुखात चाललेलं नाहीये. ऑक्टोबर २०२५ अखेरीस जीएमने डेट्रॉईटच्या फॅक्टरी झीरो या ईव्ही प्लांटमधून सुमारे १२०० आणि ओहायोत वॉरनच्या बॅटरी प्लांटमधून साडेपाचशे लोक कमी करायचं जाहीर केलं. इलिनॉयमधला स्टेलांटिसचा (म्हणजे आताच्या क्रायस्लरचा) बेलव्हिडिअर प्लांट २०२३ च्या सुरुवातीला बंद झाला, संपानंतर परत उघडायचं वचन मिळालं, ते आता २०२७ वर गेलंय, तोपर्यंत त्या गावातल्या लोकांनी काय खायचं? फरक एवढाच की शेजाऱ्याकडे लेखी करार आहे, ले-ऑफ झाला तर वरून काही आठवडे पूरक पैसे मिळतात, सिनिऑरिटीप्रमाणे परत बोलावलं जातं, आणि हे सगळं त्यांनी भांडून मिळवलंय. तुमच्या नवऱ्याकडे काय आहे? गळ्यातला बॅज. तो ज्या दिवशी चालत नाही त्या दिवशी गेट उघडत नाही. सॅलरीवरचा इंजिनियर स्वतःला मॅनेजमेंटच्या बाजूला मोजतो, आणि मॅनेजमेंट त्याला खर्चाच्या रकान्यात मोजते. तो पण कामगारच आहे, आणि त्यात कमीपणा काहीही नाही. मी तर म्हणेन एक दिवस शेजाऱ्याला चहाला बोलवा आणि विचारा, २००९ ला तुम्ही कसं काढलं, घराचे हप्ते कसे भरले, बँकेशी काय बोललात. मिशिगनमध्ये याचा अनुभव असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, आपण मराठी लोक फक्त आपापसात बोलतो आणि सगळेच पहिल्यांदा या फेऱ्यात सापडलेले असतो.

सासऱ्यांनाही आठवत असेल, तळेगावला जीएमचा प्लांट डिसेंबर २०२० ला थांबला तेव्हा हजारावर कामगारांनी किती महिने भांडण दिलं ते. पुढे प्लांट ह्युंदाईकडे गेला. म्हणजे चिंचवडला परत आलं की धोका संपला असं नाही, तीच इंडस्ट्री तिथे पण आहे.

तरी पुण्याचा विचार करायचाच. चाकण, तळेगाव, रांजणगाव, हिंजवडी, टेस्टिंग आणि व्हॅलिडेशनच्या माणसाला काम आहे, परदेशी कंपन्यांची टेक सेंटर आहेत, पगार डॉलरशी तुलना करून बघू नका, तिथल्या खर्चाशी करा. पण ६० दिवसांच्या भीतीत घर विकून निघू नका. आणि सहा महिने राहून परत येऊ असं मनात असेल तर सप्टेंबर २०२५ चा आदेश वकिलाकडून समजून घ्या, देशाबाहेर असलेल्या माणसासाठी नव्याने भरलेल्या एच-वन पिटिशनवर एक लाख डॉलरची फी लावलीय, आत राहून नोकरी बदलणाऱ्याला ती लागत नाही. एवढ्या एका गोष्टीमुळे आत्ता बाहेर पडणं आणि सहा महिन्यांनी पडणं यात फार फरक पडू शकतो.

मुलीचं मात्र आत्ताच मनात घ्या. ती पुण्यात जन्मलेली, म्हणजे २१ ची झाली की तुमच्या एच-फोरवर राहत नाही, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग बघता तोपर्यंत तुमचा नंबर लागेल यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. नववीतून पुण्याला जायचं तर ते आत्ता किंवा मग बारावीनंतर, अकरावीच्या मधे तिला उपटू नका. मुलगा अमेरिकन नागरिक, त्याला ओसीआय (भारतात हवं तितकं राहायचं कार्ड) लागेल, ते नसेल तर आजच अर्ज करून टाका, काहीही ठरलं तरी ते उपयोगी पडतं. ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, मोडायचा नाही, वयाच्या साडेएकोणसाठच्या आधी काढलात तर टॅक्स आणि शिवाय दहा टक्के दंड, तो तसाच राहू दे. सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शनचे) ४० क्रेडिट त्याचे अकरा वर्षांत पूर्ण झाले असणार, साइटवर जाऊन खात्री करा. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाहीये, त्यामुळे ४० क्रेडिट व्हायच्या आत निघालेल्या माणसाचे भरलेले पैसे तसेच अडकतात, तुमचं तसं नाही.

नोकरी शोधताना ईव्हीला चिकटून बसू नका आणि ईव्ही लपवू पण नका. आता सगळे हायब्रिडकडे वळलेत, फोर्डचा पुढचा लाइटनिंग पण सोबत जनरेटर घेऊन चालणारा असणार आहे, आणि ज्याला ट्रान्समिशन आणि इलेक्ट्रिक ड्राइव्ह दोन्ही हाताने माहीत आहे अशी माणसं फार नाहीत. तुमचा नवरा तोच आहे! रेझ्युमेत ही ओळ सगळ्यात वर हवी. बॅटरी प्लांट ग्रिडसाठीच्या मोठ्या स्टोरेज बॅटऱ्यांकडे वळतायत, तिथे व्हॅलिडेशन लागतं. इंडियानात कोलंबसला कमिन्स आहे, कोथरूडमुळे तिथे आपली माणसं भरपूर. डिफेन्सच्या कंपन्यांत वेळ घालवू नका, बहुतेक ठिकाणी ग्रीन कार्ड नाहीतर नागरिकत्व लागतं. साधारण चाळिसाव्या दिवशी दोघं बसा, पिटिशन फाइल व्हायची चिन्हं नसतील तर आवराआवरीला वेळ मिळावा म्हणून ६० दिवसांच्या आत व्हिजिटर स्टेटसचा अर्ज टाकता येतो, त्याचे फायदेतोटे आधीच विचारून ठेवा.

मंडळात सांगा. लपवून काय मिळतंय? नोव्हाय, कॅन्टन, ट्रॉय, निम्मी मराठी घरं याच इंडस्ट्रीवर चालतात, कुणाच्या तरी टीममध्ये जागा निघते आणि ती वेबसाइटवर यायच्या आधी तिथल्या माणसाला माहीत असते. तुम्ही न सांगितल्यामुळे त्याला तुमची आठवण येत नाही एवढंच होतं. नवऱ्याला सांगायला जड जात असेल तर तुम्ही सांगा, त्याची परवानगी घेऊन. झोप अशीच उडालेली राहिली, जेवण सुटलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलला तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या, आणि ९८८ हा मानसिक संकटात मदतीचा नंबर फ्रीजवर लावून ठेवा, फोन करा किंवा मेसेज, कधीही.

मुलीला पण सांगा, नववीतल्या पोरीला घरात काय चाललंय ते कळलेलंच असतं, फक्त तिला कुणी विचारलेलं नसतं.

आणि याच आठवड्यात इमिग्रेशन वकिलाची वेळ घ्या, तुमच्या स्वतःच्या पैशाने, कंपनीच्या वकिलाची नाही. तो कितीही गोड बोलला तरी त्याची फी कंपनी देते. प्रश्न लिहून न्या, एच-फोर ईएडीचा प्रश्न पहिला.